महालच्या मातीतला रुपया

नागपूरच्या महाल भागात एखादा जुना वाडा पाडायला घेतला की आजूबाजूच्या गल्ल्यांत एकच प्रश्न फिरू लागतो, "काही निघालं का?" वाड्याच्या जागी चार मजली इमारत उभी राहायची असते, बिल्डर घाईत असतो, मजूर परगावचे असतात. तरी पाया खोदला जात असताना येणारा-जाणारा क्षणभर थांबून खड्ड्यात डोकावतोच. ही सवय आजची नाही. आमच्या आजोबांच्या पिढीत असे मानीत की पायाळू माणसाच्या डोळ्यांत अंजन घातले म्हणजे त्याला जमिनीतले धन दिसते. त्या समजुतीपायी विदर्भात कोंबड्या-बकऱ्यांचे बळी गेले, आणि माणसांच्या जिवाशीही खेळ झाले. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर २०१३ साली महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला, त्याच्या अनुसूचीत गुप्तधनाच्या नावाखाली चालणारे अघोरी प्रकार नमूद करावे लागले, यावरून हे वेड किती खोल गेले आहे ते कळावे.

आता पायाळू माणसाची जागा यंत्राने घेतली आहे. मेटल डिटेक्टर घरबसल्या मागवता येतो. लांब दांडी, खाली तव्यासारखी चकती, कानाला हेडफोन. चकतीतल्या तारेच्या वेटोळ्यातून बदलता वीजप्रवाह सोडला की खाली चुंबकीय क्षेत्र तयार होते. त्या क्षेत्रात धातूचा तुकडा आला की त्याच्यातही क्षीण प्रवाह उत्पन्न होतो आणि यंत्र "टूं" असा आवाज करते. तत्त्व जुनेच आहे. टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल याने १८८१ साली अमेरिकेचे जखमी अध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातली गोळी शोधण्यासाठी असेच यंत्र वापरले होते. ते फसले, त्यात पलंगाच्या लोखंडी स्प्रिंगांचाही हात होता. दुसऱ्या महायुद्धात कोझात्स्की नावाच्या पोलिश अधिकाऱ्याने माणसाला हातात धरून चालता येईल असे सुरुंगशोधक यंत्र बनवले. आजचे नाणेशोधक त्याचेच वंशज.

पण या यंत्राला सोने आणि खिळा यांतला फरक नीटसा कळत नाही. सुटे नाणे साधारण वीतभर, फार तर हातभर खोलीपर्यंत लागते. आमच्याकडच्या लोहयुक्त काळ्या खडकाच्या मातीत ते विनाकारणही कुरकुरत राहते. महालसारख्या तीनशे वर्षांच्या वस्तीत तर खिळे, नाल, पत्रे, बाटल्यांची झाकणे आणि तुटक्या नळांचे तुकडे यांचाच जास्त गलबला. तेव्हा यंत्राने कोणी श्रीमंत झाल्याचे आम्ही पाहिलेले नाही. मातीची नासाडी मात्र होते, आणि ती फक्त मातीची नसते.

मार्च २०२५ मधल्या दोन घटना इथे शेजारी-शेजारी ठेवून पाहाव्याशा वाटतात. दोहोंच्या मागे एकच चित्रपट होता आणि एकच बादशहा. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी 'छावा' प्रदर्शित झाला. त्यात बुऱ्हाणपूरच्या मोगल ठाण्यावरील मराठ्यांचा छापा दाखवला आहे. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगड किल्ल्याच्या पायथ्याशी आसपासच्या गावांतले लोक रात्री-बेरात्री शेते खोदू लागले. हातात टॉर्च, चाळण्या, कुदळी आणि काहींच्या हातात मेटल डिटेक्टर. महामार्गाच्या कामात निघालेली माती शेतात टाकली होती आणि तीत मोगलांच्या सोन्याच्या मोहरा आहेत, अशी वार्ता पसरली होती. शेतांत खड्डेच खड्डे झाले, व्हिडिओ देशभर फिरले, आणि अखेर प्रशासनाला मध्ये पडावे लागले. त्याच महिन्यात, १७ मार्चला, खुलताबादची औरंगजेबाची कबर हटवा या मागणीचे आंदोलन महालात शिवाजी महाराजांच्या पुतळ्याजवळ झाले. पवित्र आयती लिहिलेली चादर जाळली अशी अफवा उठली आणि सायंकाळी दगडफेक, जाळपोळ सुरू झाली. घरे-दुकाने फुटली, गाड्या जळाल्या, कोतवाली, गणेशपेठ आणि इतर अनेक ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली. जखमींपैकी एकाचा पुढे मृत्यू झाला.

एकीकडे बादशहाची कबर उखडायची, दुसरीकडे त्याच्या मोहरा उकरायच्या. बादशहा नको, बादशहाचे सोने हवे! हा विनोद आहे असे कुणाला वाटेल, पण ज्यांच्या मोहल्ल्यात त्या रात्री दिवे मालवून लोक दाराआड बसले होते त्यांना हसू येणार नाही.

बुऱ्हाणपूरची गोष्ट आधी सांगून टाकू. मोगलांच्या दक्षिणेकडील कारभाराचे ते मोठे ठाणे, व्यापारपेठ आणि टाकसाळीचे शहर. १६०१ च्या जानेवारीत अकबराने फारुकी सुलतानाकडून असीरगड घेतला, तेव्हा त्या विजयाची सोन्याची मोहर पाडली. तिच्यावर बहिरी ससाण्याचे चित्र आहे. मोगल नाण्यावर पक्ष्याचे चित्र ही दुर्मीळ गोष्ट, म्हणून ती जगभरच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृतातला शिलालेख आहे, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. १६८१ च्या आरंभी मराठ्यांनी बुऱ्हाणपूरचा बहादूरपुरा लुटला हे खरे. पण लुटणारा सोने नेतो, पेरून जात नाही. जमिनीत जे राहते ते लुटणाऱ्याचे नसते, लुटीच्या धास्तीने ज्याने पुरले आणि जो परत येऊ शकला नाही त्याचे असते. नाण्यांचा साठा सापडणे म्हणजे एका घाबरलेल्या माणसाची चाहूल लागणे.

या हिशेबाने पाहिले तर महालच्या मातीत घाबरण्याचे प्रसंग थोडे नव्हते.

नागपूर शहर वसवले ते देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने, अठराव्या शतकाच्या आरंभी. औरंगजेबाच्या काळात तो दिल्लीस गेला, मुसलमान झाला, पुढे त्याच बादशहाशी त्याचे बिनसले आणि त्याने मोगल मुलखावर धाडीही घातल्या. धर्म एक असूनही राजकारण वेगळे असते, याचा आमच्या गावच्या संस्थापकाएवढा जवळचा दाखला शोधायला नको. त्याचा मुलगा चांद सुलतान याने राजधानी नागपुरास आणली, गावाला तट घातला आणि तलाव बांधला. तो जुम्मा तलाव, मग शुक्रवारी तलाव, आता गांधीसागर. तटाचा जुम्मा दरवाजा आता गांधी गेट म्हणून ओळखला जातो. नावे बदलत गेली, वार मात्र बरीच वर्षे शुक्रवारच राहिला. १७३९ साली चांद सुलतान वारला, वारसांत भांडणे लागली, राणीने वऱ्हाडातून रघूजी भोसल्यांना मदतीला बोलावले आणि काही वर्षांतच राज्य भोसल्यांचे झाले. गोंड राजाला मात्र त्यांनी घालवून दिले नाही. तो महालातच आपल्या किल्ल्यात मानाने राहिला, आणि भोसल्यांच्या गादीला गोंड राजाच्या हातून टिळा लावण्याची रीत चालू राहिली.

१७६५ साली जानोजी भोसल्यांवर चिडून पेशवा आणि निजाम एकत्र आले आणि त्यांनी नागपूर लुटून जाळले. मराठ्यांची राजधानी जाळायला मराठा पेशवा आणि मुसलमान निजाम खांद्याला खांदा लावून आले, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात दोन ओळींतही येत नाही. १८११ मध्ये पेंढारी नागपूरच्या वेशीपर्यंत आले आणि त्यांनी एक पुरा जाळला. १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई झाली, डिसेंबरात इंग्रजांनी शहरावर चाल केली. राजा आप्पासाहेब इंग्रजांच्या स्वाधीन झाल्यावरही भोसल्यांच्या फौजेतले अरब शिपाई महालच्या तटाआड अडून बसले. २४ डिसेंबरला जनरल डव्हटनच्या फौजेने जुम्मा दरवाज्यावर हल्ला केला, तो अरबांनी परतवून लावला. वर्ष संपता संपता बोलणी होऊन ते बायकामुलांसह शहर सोडून गेले. हिंदू राजाच्या राजवाड्यासाठी, राजा नसतानाही, जुम्मा दरवाज्यात लढणारे ते अरब कोण होते, त्यांची नावे काय, कबरी कुठे? आजच्या गांधी गेटच्या गर्दीतून जाताना हे मनात येते. १८५३ साली तिसरे रघूजी वारले, इंग्रजांनी राज्य खालसा केले आणि जडजवाहीर लिलावात काढले. १८६४ मध्ये भोसल्यांचा जुना राजवाडा आगीत गेला.

आता अशा गावात जमिनीतून निघेल ते नाणे कोणते असेल? सोन्याची मोहर क्वचितच. बाजारात फिरत होते ते तांब्याचे पैसे आणि चांदीचे रुपये, अकरा ग्रॅमच्या आसपास वजनाचे, जाड, ओबडधोबड. तांब्याच्या ढिगात शिवराईही असेल, एका बाजूस 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूस 'छत्रपति', देवनागरीत. शिवाजी महाराजांनी आपल्या नाण्यावर आपली लिपी आणली, ही मोठी गोष्ट होती. पण रुपया हातात घेतला की वाचणारा चक्रावतो, कारण मजकूर फारसीत असतो. पुण्याचा अंकुशी रुपया घ्या, शिंदे-होळकरांचे घ्या, नागपूरकर भोसल्यांचे घ्या. नाव मोगल बादशहाचे, आणि खूण राज्यकर्त्याची, कुठे अंकुश तर कुठे आणखी काही. १७५१ मध्ये ओरिसा भोसल्यांच्या हाती आला, १८०३ पर्यंत राहिला. तिथल्या कटक टाकसाळीचा रुपया बादशहा अहमद शाहच्या नावाने पडत असे आणि त्यावर त्रिशूळाची खूण असे. अहमद शाह १७५४ साली तख्तावरून उतरवला गेला होता, डोळे काढून कैदेत टाकला गेला होता. तरी त्याचे नाव नाण्यावर चालत राहिले. त्रिशूळ आणि 'बादशाह गाज़ी' एकाच चांदीच्या चकतीवर!

असे का? दुबळेपणा म्हणून नव्हे, भक्ती म्हणूनही नव्हे. बाजार नाव ओळखीत होता. सराफ रुपया वाजवून, कसोटीवर घासून, छाप पाहून घेई. अनोळखी छापाला तो बट्टा लावी, म्हणजे किंमत कापून घेई. दिल्लीचा बादशहा स्वतः आंधळा आणि कैदी असला तरी त्याच्या नावाची पत बनारसपासून कटकापर्यंत खणखणीत होती. ईस्ट इंडिया कंपनीसुद्धा बंगालमध्ये कित्येक वर्षे शाह आलमच्या नावाने रुपया पाडत राहिली, तोही १९ व्या राज्यवर्षाचा आकडा गोठवून ठेवून. १८३५ मध्ये तिने इंग्लंडच्या राजाचे डोके आणले. तोवर हिंदू राजे, मुसलमान नवाब आणि ख्रिस्ती कंपनी सगळे एकाच फारसी छापाखाली व्यवहार करीत होते. कोण कुणाचा शत्रू हे रणांगणावर ठरत होते. रुपयावर ते ठरत नव्हते.

आणि ज्या बादशहाच्या कबरीवरून महालात त्या दिवशी एवढे झाले, त्याच्या रुपयाबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती आपल्याही लोकांना ठाऊक नसते. त्याच्या आधीच्या मोगल बादशहांच्या नाण्यांवर बहुधा कलमा असे. औरंगजेबाने तो काढून टाकला. कारण असे की नाणे कुणाच्याही हातात जाते, पायदळी पडते आणि पाक शब्दांची बेअदबी होते. त्याच्या जागी आल्या फारसी ओळी. त्यांत चांदीचे नाणे पौर्णिमेच्या चंद्रासारखे आणि सोन्याचे सूर्यासारखे चमकते असा भाव आहे. एका बाजूला कट्टर म्हणून शिव्या आणि दुसऱ्या बाजूला दीनदार म्हणून डोक्यावर घेणे, दोन्हीही नाणे न वाचताच चालते. आम्ही त्याची वकिली करीत नाही. भावांना मारून, बापाला कैदेत ठेवून तो तख्तावर आला आणि दक्षिणेत पंचवीस वर्षे लढत राहून त्याने हा मुलूख भाजून काढला, हे सत्यच आहे. पण त्याचा रुपया मराठ्यांच्या खजिन्यातही होता. सभासद बखरीत शिवाजी महाराजांच्या पश्चात उरलेल्या खजिन्याची यादी आहे. तीत किती परीचे होन आणि मोहरा आहेत ते पाहावे. शत्रूचे नाणे म्हणून कोणी ते समुद्रात फेकले नव्हते.

हे सगळे नाण्यांकडून कळते ते कसे? एकेकटे नाणे फार थोडे बोलते. साठा बोलतो. १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा साठा निघाला, १३,२५० नाणी, क्षत्रप नहपानाची. त्यांतल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. म्हणजे जिंकलेल्या राजाने हरलेल्याचे नाणे वितळवले नाही, त्याच्यावरच आपली मुद्रा उमटवून ते चालू ठेवले. साठा एकत्र राहिला आणि मोजला गेला म्हणून हे सिद्ध झाले. तीच नाणी चार सराफांकडे वाटली गेली असती तर सातवाहनांच्या इतिहासाचा एक खांबच उभा राहिला नसता.

उलट उदाहरण अगदी अलीकडचे. मार्च २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवड पोलिसांनी चिखली येथे २१६ सोन्याची नाणी जप्त केली. बांधकामाच्या खोदकामात मजुरांना ती सापडली आणि त्यांनी घरी लपवून ठेवली होती. वजन २,३५७ ग्रॅम. भागाकार केला तर एकेक नाणे अकरा ग्रॅमच्या जरा आत येते, म्हणजे मोगल मोहरेचे बरोबर वजन. नाणी १७२० ते १७५० च्या दरम्यानची, मुहम्मद शाहच्या काळातली. बाजीराव-नानासाहेबांच्या काळात पुण्याजवळ दोनशेहून अधिक मोहरा कोणी पुरल्या? सावकाराने, सरदाराने, की लुटारूने? भांडे कसे होते, किती खोल होते, शेजारी भिंत होती की चूल? सोबत भांड्याचा तुटका तुकडा तेवढा हाती आला. सोने वाचले, पण त्याच्याभोवतीची हकीकत मातीच्या ढिगाऱ्याबरोबर गेली. मजुरांना दोष देणे सोपे आहे. रोजंदारीवर खपणाऱ्या माणसाच्या फावड्याखाली मोहर आली तर त्याने आधी कायद्याचे पुस्तक उघडावे, अशी अपेक्षा आम्ही तरी करणार नाही, कारण कायदा त्याला कधी कुणी सांगितलेलाच नसतो.

तो कायदा १८७८ चा आहे, भारतीय निखात निधी अधिनियम. दहा रुपयांहून अधिक किमतीचे काही जमिनीत पुरलेले सापडले तर काय सापडले, कुठे आणि केव्हा, हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे आणि वस्तू सरकारी खजिन्यात ठेवायची किंवा जामीन द्यायचा. जिल्हाधिकारी जाहीर सूचना काढून दावेदार बोलावतात. मालक कोणी ठरला नाही आणि जागेच्या मालकानेही हक्क सांगितला नाही तर सगळे सापडणाऱ्याचे. जागेच्या मालकाने सांगितला तर, आपसात वेगळे ठरले नसेल तेव्हा, सापडणाऱ्यास तीन हिस्से आणि जागामालकास एक. सरकारला वस्तू हवी असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देऊन घेता येते. लपवले तर हिस्सा जातो, आणि एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. शंभर वर्षांवरील नाणी पुरावस्तू ठरतात आणि १९७२ च्या कायद्याने ती परवान्यावाचून देशाबाहेर नेता येत नाहीत. संरक्षित स्मारकाच्या शंभर मीटरच्या आत तर खोदकामच बंद.

कायद्यात सापडणाऱ्याचा वाटा आहे, पण लोकांच्या मनात मात्र पक्के बसले आहे की सांगितले तर पोलीस नेतील आणि हातात काही येणार नाही. या अविश्वासाला कारणे आहेत, ती खोटी म्हणता येणार नाहीत. धातूची किंमत अधिक पाचवा हिस्सा म्हणजे दुर्मीळ नाण्याच्या खऱ्या मोलाचा कणही नव्हे. इंग्लंडात १९९२ साली हॉक्सन गावी एक माणूस शेतकरी मित्राची हरवलेली हातोडी शोधायला मेटल डिटेक्टर घेऊन गेला, तर त्याला रोमन सोन्या-चांदीचा साठा लागला, सुमारे पंधरा हजार नाणी. त्याने थोडे काढून लगेच खोदणे थांबवले आणि अधिकाऱ्यांना कळवले. पुरातत्त्वज्ञांनी दुसऱ्या दिवशी जागेवरच सगळे उचलले, म्हणून ते लाकडी पेटीत कसे रचून ठेवले होते हेही कळले. त्याला साडेसतरा लाख पौंड मिळाले, ते त्याने शेतकऱ्याशी वाटून घेतले. हातोडीही ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिथे पूर्ण बाजारभाव देतात, म्हणून लोक सांगतात. आमच्याकडे भाव इतवारीच्या सराफ्यात मिळतो आणि मूस तापलेलीच असते.

नागपुरात १८६३ पासून मध्यवर्ती संग्रहालय आहे, लोकांचा अजब बंगला. नाण्यांचा संग्रह नामांकित आहे. पण त्या नाण्यांवरचा फारसी मजकूर वाचणारे किती उरले? आमच्या घरांतून दोन पिढ्यांमागे गुलिस्ताँ वाचणारी माणसे होती. आता मुलांना उर्दू लिपीच येत नाही अशी घरे महाल, मोमिनपुऱ्यात भरपूर आहेत, आणि ज्यांना येते त्यांना नाण्यावरचे वळण लागत नाही. भोसल्यांचा रुपया वाचायला मराठी इतिहासाची आणि फारसी अक्षरांची दोन्हींची ओळख लागते, आणि त्या दोन्ही एकत्र सापडण्याची शक्यता मराठी बोलणाऱ्या मुसलमान घरात इतर कुठल्याही घरापेक्षा जास्त आहे.

त्यातली अडचण सांगतो. टाकसाळीचा ठसा मोठा असे आणि रुपयाची चकती लहान, त्यामुळे घण मारला की मजकुराचा एक तुकडाच उमटे. एका रुपयावर 'अहमद' दिसते, दुसऱ्यावर नुसते 'बहादूर', तिसऱ्याच्या मागच्या बाजूला 'जुलूस'चा शेपटा आणि अर्धा आकडा, चौथ्यावर टाकसाळीच्या नावाचे पहिले अक्षर, आणि वर सराफांनी परीक्षेसाठी मारलेल्या छिन्नीच्या खुणा. एकाच साठ्यातले वीस-पंचवीस रुपये शेजारी मांडून, एकाची उणीव दुसऱ्याने भरत गेले म्हणजे पूर्ण ओळ जुळते: सिक्का मुबारक, बादशाह गाज़ी, अहमद शाह बहादूर. त्यांतले पाच जरी रात्रीतून वेगळे झाले, तर गाव कोणते आणि वर्ष कोणते हे वाचता येत नाही.